जोडीदाराचा रकाना

अणुयुद्धाने होरपळलेल्या अमेरिकेच्या पश्चिम भागात, पाण्यावाचून पिके करपलेल्या मोडॉक नावाच्या खेड्यात, ग्रिशम नावाचा एक खाटीक आपला मुलगा डेव्हिन आणि मुलगी मिरिया यांच्यासह राहतो. वाटसरू म्हणून गावात आलेल्या परक्याने या दोघांपैकी कोणाशीही सलगी केली आणि ती बापाच्या दृष्टीस पडली, की तो बंदूक रोखून लग्न लावून देतो. आणि तो परका पुरुष आहे की स्त्री, या प्रश्नाचा त्याच्या संतापाशी अथवा त्या विवाहाच्या ग्राह्यतेशी तिळमात्र संबंध असत नाही. हा प्रसंग ब्लॅक आयल स्टुडिओजने १९९८ साली काढलेल्या ‘फॉलआउट २’ या संगणकीय खेळातला आहे. दोन पुरुषांच्या वा दोन स्त्रियांच्या विवाहाची सरकारी दप्तरात नोंद करण्यास जगातील पहिल्या देशाने, म्हणजे नेदरलँड्सने, प्रारंभ केला तो १ एप्रिल २००१ रोजी. त्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी या काल्पनिक खाटकाने ती बाब निकालात काढली होती.

ज्यांनी असे खेळ कधी हाताळलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अगत्याचे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, टेबलाभोवती बसून फासे टाकीत आणि गोष्ट रचीत खेळण्याचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्याचीच ‘रोल-प्लेइंग गेम’ ही संगणकावर वाढलेली संतती. आरंभी खेळणारा आपल्या पात्राचे नाव, वंश, विद्या आणि लिंग ठरवतो. मग प्रवासात सहचर भेटतात, संवादाच्या प्रत्येक वळणावर तीन-चार उत्तरांतून एक निवडावे लागते, आणि त्या निवडीप्रमाणे सहचराची मर्जी चढते किंवा उतरते. ही मर्जी म्हणजे आतल्या हिशेबात एक आकडा असतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की प्रणयाचे संभाषण उघडावे किंवा नाही हे ठरवण्यापूर्वी यंत्र आणखी एक रकाना तपासते: खेळणाऱ्याचे पात्र पुरुष की स्त्री? या खेळांतील समलिंगी प्रणयाचा सारा इतिहास या एका तपासणीचा इतिहास आहे. ती कोणी घातली, कोणी घालण्याचे मनावरच घेतले नाही, कोणी जाणूनबुजून काढली, आणि कोणी ती ठेवूनही तिला अगदी निराळा अर्थ दिला, हे पाहण्याचा माझा येथे प्रयत्न आहे.

इंग्लंडच्या लायनहेड स्टुडिओजने २००४ साली काढलेल्या ‘फेबल’ या खेळात वीराविषयी गावकऱ्यांना वाटणारे आकर्षण एका सामान्य नियमाने चालत असे, आणि त्या नियमातून पुरुषांचे पुरुषावर भाळणे वगळावयाचे, तर त्यासाठी मुद्दाम जादा आज्ञा लिहावी लागली असती. आपोआप उपजलेली ही गोष्ट खोडून काढण्याची आमची इच्छा झाली नाही, अशा आशयाची कैफियत त्याच्या निर्मात्यांपैकी एक डीन कार्टर यांनी पुढे दिली. ही कैफियत मला फार मोलाची वाटते. भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने ज्या प्रेमाला दीडशे वर्षांहून अधिक काळ निसर्गक्रमाविरुद्ध ठरवले, ते प्रेम एका यंत्राच्या पोटात, कोणी बी पेरले नसताना, आपल्या आपण उगवून आले. बाहेरून आणून घालावा लागला असता तो मज्जाव.

‘स्कायरिम’ने, म्हणजे ११ नोव्हेंबर २०११ रोजी बेथेस्डाने बाजारात आणलेल्या त्या अतिविशाल खेळाने, हीच वाट धरली. मारा देवीचा ताईत गळ्यात घालावा, ज्याच्याशी स्नेह जुळला आहे त्याच्यापुढे उभे राहावे, आणि संमती मिळताच रिफ्टन नगरीतील देवळात जाऊन लग्न लावावे. पुजारी काही विचारीत नाही. विवाहानंतर जोडीदार दिवसाकाठी एकदा ताजे अन्न रांधून देतो आणि छोटेसे दुकान चालवून नफ्याचा वाटा हातावर ठेवतो, आणि हे सारे वर किंवा वधू कोणीही असली तरी त्याच शब्दांत घडते. या समतेत एक मोठी विश्रांती आहे, हे नाकारणारा मी कोण? ज्याला आयुष्यभर प्रत्येक उंबरठ्यावर खुलासा द्यावा लागला, त्याला खुलासा न मागणारे एक देऊळ लाभणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या जोडीदाराशी बोलायला बसावे, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते. रकाना कोरा ठेवल्यामुळे दार उघडले खरे. आतले घरही कोरेच राहिले.

घरात माणूस आणण्याचे काम मुख्यतः कॅनडातील एडमंटनच्या बायोवेअर या संस्थेने केले, आणि तेही पुष्कळ दिरंगाईने, अडखळत, दोन पावले पुढे आणि एक मागे अशा रीतीने. १९९५ साली काही तरुण डॉक्टरांनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या ‘बाल्डर्स गेट २’ मध्ये, २००० साली, पुरुष नायकाला तीन प्रेयसी उपलब्ध होत्या, स्त्री नायिकेला एकच प्रियकर, आणि समलिंगी असे काहीच नव्हते. २००३ साली ‘स्टार वॉर्स’च्या विश्वावर बेतलेल्या खेळात जुहानी ही योद्धी नायिकेपाशी आपले मन मोकळे करते, पण ते इतक्या आडून, की लक्ष न देणाऱ्याच्या हातून ते निसटावे. २००५ च्या ‘जेड एम्पायर’मध्ये स्काय हा पुरुष आणि सिल्क फॉक्स ही राजकन्या यांना नायक-नायिका असा भेद उरला नाही. मग २००७ साली ‘मास इफेक्ट’ आला आणि एक चमत्कारिक भेद ठळकपणे पुढे आला: कमांडर शेपर्ड ही भूमिका स्त्री म्हणून निवडली, तर लियारा या निळ्या वर्णाच्या परग्रहवासिनीशी तिचा प्रणय होऊ शकत होता, कारण तिच्या जातीत एकच लिंग असते अशी सोयीची तरतूद कथेत होती; मात्र शेपर्ड पुरुष असेल, तर पुरुषाकडे जाणारी एकही वाट नव्हती. एवढ्यावरही सिंगापूरच्या परिनिरीक्षकांनी त्या खेळावर बंदीचा हुकूम काढला आणि काही दिवसांतच तो मागे घेऊन, अठरा वर्षांवरील खेळाडूंपुरती मुभा दिली. दोन स्त्रियांचे प्रेम दाखवण्यास निर्माते धजावत होते आणि दोन पुरुषांचे दाखवण्यास कचरत होते, याचे कारण, माझ्या मते, पहिल्यात पुरुष प्रेक्षकाच्या नेत्रसुखाची सोय गृहीत धरलेली होती, हे होय. आणि म्हणूनच त्या काळातील या सवलतींचे श्रेय मी हातचे राखून देतो.

हा संकोच मोडला ‘ड्रॅगन एज’ मालिकेने. २००९ च्या पहिल्या भागात झेव्हरान हा मारेकरी आणि लेलियाना ही गायिका, दोघांचाही ओढा स्त्री आणि पुरुष दोहोंकडे होता; २०११ च्या दुसऱ्या भागात मूळ खेळातले चारही प्रणयसहचर नायकाला आणि नायिकेला सारखेच खुले झाले. तेव्हा एका खेळाडूने, सामान्य पुरुष ग्राहकाची उपेक्षा झाली, अशी तक्रार मांडली. मुख्य लेखक डेव्हिड गेडर यांनी तिला जाहीर आणि सविस्तर उत्तर दिले; सर्व काही आपल्यासाठीच असावे अशी ज्यांना सवय लागली आहे, त्यांना इतरांना मिळालेला समान वाटा हा आपला तोटा वाटतो, असा त्याचा मथितार्थ होता. मला स्वतःला तो दुसरा भाग एका जागी खटकतो, आणि ती जागा फार बोलकी आहे. अँडर्स हा वैद्य, नायक पुरुष असेल, तर कार्ल नावाच्या आपल्या दिवंगत मित्रावर आपले प्रेम होते हे त्याला सांगतो. नायिका स्त्री असेल, तर ती गोष्ट तिच्यापाशी काढीत नाही. समोरच्याचे लिंग पाहून ज्याचा भूतकाळ पुढे येतो किंवा मागे सरतो, त्या माणसाचे प्रेम मिळूनही ते मिळाल्याची खात्री पटत नाही. खेळणाऱ्यांनी अशा पात्रांसाठी ‘प्लेअरसेक्शुअल’ हा शब्द घडवला आहे.

गेडर यांनी २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये जे लिहिले, ते या शंकेचे मी पाहिलेले सर्वोत्कृष्ट उत्तर आहे. टेव्हिंटर या जादूगारांच्या साम्राज्यातील उमराव घराण्यात जन्मलेला डोरियन पाव्हस हा पुरुषांवरच प्रेम करणारा पुरुष आहे. नायिकेने कितीही मनधरणी केली तरी तो तिचा स्नेही राहतो, प्रियकर होत नाही. रेडक्लिफच्या खाणावळीत त्याची आणि त्याच्या पित्याची भेट होते, आणि तेथे उलगडते, की घराण्याच्या इभ्रतीसाठी मुलाने लग्न करावे म्हणून याच पित्याने रक्ताच्या निषिद्ध जादूने त्याचे मनच बदलून टाकण्याचा घाट घातला होता. आणि त्या जादूचा तिरस्कार करायला मुलाला लहानपणी त्यानेच शिकवले होते. त्या खाणावळीतून डोरियनला तडक बाहेर न्यावे, की बापाचे म्हणणे ऐकून घेण्यास थांबवावे, हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते. मी पहिल्या वेळी थांबलो होतो, आणि तो निर्णय बरोबर होता की नाही, याचा विचार कितीतरी दिवस माझी पाठ सोडीत नव्हता. येथे रकान्याची तपासणी कायम आहे, परंतु ती आता पहारेकऱ्याची राहिलेली नाही. ती डोरियनची स्वतःची आहे, आणि तिच्या बळावर तो नकार देतो. ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला किंमत असते. त्याच खेळातील सेरा ही स्त्रियांवरच प्रेम करणारी धनुर्धारिणीही, पुरुष नायकाला अशीच निःसंकोच वाटेला लावते. आणि पुढे २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’ मध्ये पोलिश लेखकांनी जुडी अल्व्हारेझ आणि केरी युरोडाइन यांना हाच अधिकार दिला.

डोरियनचा तो ‘इन्क्विझिशन’ १८ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेत विक्रीस आला, आणि त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीने, स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी आपण तो भारतातून मागे घेत आहोत, असे जाहीर करून आगाऊ मागणी नोंदवलेल्यांचे पैसे परत केले. कोणते कलम, हे कंपनीने सांगितले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला होता आणि ३७७ वे कलम पुन्हा पूर्ण अंमलात आले होते, एवढे ध्यानात घेतले, की वृत्तपत्रांनी या माघारीचा संबंध खेळातील समलिंगी आशयाशी का जोडला ते उमजते. कोणत्याही न्यायालयाने मनाई केली नव्हती, कोणत्याही सरकारी खात्याने नोटीस बजावल्याचे पुढे आले नव्हते, आणि तशाच आशयाचे त्याच संस्थेचे आधीचे खेळ येथे राजरोस विकले गेले होते. कायद्याचा धाक न्यायालयाच्या आवाराबाहेर किती दूरवर पसरतो, हे त्या परत आलेल्या पैशांवरून कळले. आपल्या मुलाचे मन जबरदस्तीने बदलू पाहणाऱ्या बापाची ती कथा ज्या देशातील घरांना सर्वाधिक जवळची वाटली असती, त्याच देशातील दुकानांत ती आली नाही, याचे दुःख मला, समलिंगी प्रेमाला त्या कलमाच्या कचाट्यातून सोडवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतरही वाटत राहिले आहे. विवाहाचा हक्क तर त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने अजून दूरच ठेवला आहे.

एकदा दिलेली सनद परत घेतली तर काय होते, याचा धडा प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओडिसी’ने घालून दिला. २०१८ च्या मूळ खेळात अलेक्सिऑस किंवा कसांड्रा यांपैकी कोणीही होऊन स्त्री-पुरुष कोणावरही प्रेम करण्याची मुखत्यारी खेळणाऱ्याला होती. जानेवारी २०१९ मधील पुरवणी कथेत मात्र, त्याने आजवर काहीही निवडलेले असो, भिन्नलिंगी जोडीदारापासून मूल होणे अटळ ठरवण्यात आले, आणि त्या प्रसंगाच्या बक्षिसाला वयात येण्याचे नाव देण्यात आले. शेकडो तास जिने स्त्रियांवरच प्रेम केले, त्या कसांड्राला आता कुठे पोक्तपणा आला, असा त्या नावाचा अर्थ होत होता. रोष उसळला, युबिसॉफ्टने माफी मागितली, बक्षिसाचे नाव बदलले, प्रसंगात फेरफार केले. ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ने २०१७ साली याच्या उलट केले होते; पुरुष नायकाला पुरुष जोडीदार फार थोडे आहेत ही तक्रार ऐकून जाल या सहचराचा प्रणय त्याच्यासाठीही खुला केला. लार्‌यन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये, २०२३ साली, प्रमुख सहचर पुन्हा सर्वांना खुले झाले आहेत. पण ॲस्टारियनला दोनशे वर्षे दुसऱ्याच्या हुकमाने परक्यांना मोहात पाडावे लागले होते, आणि त्याच्या त्या इतिहासात लेखणी इतकी खोल उतरली आहे, की माझी जुनी शंका तेथे बरीच निवळते.

तरीही या विषयाचा विचार करताना माझे मन परत परत जाते ते २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ मधील स्टीव्ह कॉर्टेझकडे. पाच वर्षे बंद असलेली पुरुषाकडे जाणारी वाट त्या खेळाने उघडली. जुना साथीदार केडन एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलाशी, मनातले बोलून दाखवतो, तेही त्यातच. कॉर्टेझ मात्र प्रथम भेटतो तो यानाचा चालक म्हणून, आणि सहज बोलता बोलता आपल्या दिवंगत पतीचा, रॉबर्टचा, उल्लेख करतो. रॉबर्टचा अखेरचा निरोप ध्वनिमुद्रित आहे, आणि यानाच्या तळघरात एकटा बसून कॉर्टेझ तो पुन्हा पुन्हा ऐकतो. त्या शोकाला तेथे कोणी नाव विचारीत नाही, नाते विचारीत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातली, स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा एकाकीपणातून मरणाच्या दारी गेली, तिची आठवण मला त्या तळघरात हटकून होते. शेपर्ड स्त्री असो की पुरुष, प्रेमात पडायचे असो की नसो, त्याने तेथे खाली उतरून कॉर्टेझचे ऐकून घ्यावे, आणि निर्वासितांनी आपल्या मृतांची छायाचित्रे लावलेल्या भिंतीपाशी जाण्यास त्याला राजी करावे. तो जातो, रॉबर्टचा निरोप घेतो आणि परत कामावर येतो. शेवटच्या लढाईत त्याचे यान कोसळते. आणि त्या भिंतीपाशी तो जाऊन आलेला असला, तर तो वाचतो.