सनद अकोल्याची, शिवार वडनेरचे

हिंगणघाट सोडून हैदराबादच्या दिशेने निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वडनेर लागते. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव कापसाच्या व्यापारात एका जातीचे नाव म्हणून चालत असे, आणि तो कापूस याच पट्ट्यातला. या गावातल्या शेतकऱ्याला सरकारी ज्ञान हवे असेल तर त्याने जायचे कुठे? कपाशीच्या वाणासाठी अकोल्याचे कृषी विद्यापीठ. बैल आजारी पडला तर त्याचे शास्त्र नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे, कारण २००० साली पशुवैद्यक महाविद्यालये कृषी विद्यापीठांतून काढून तिकडे देण्यात आली. नागपुरातच केंद्र सरकारची कापूस संशोधन संस्था आहे, पण ती अकोल्याला बांधील नाही. जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. ते चालवते अकोला, पैसा मात्र दिल्लीहून येतो. आणि प्रत्यक्ष गावात जो माणूस दिसतो तो कृषी सहायक या सगळ्यांपैकी कोणाचाच नाही. तो राज्याच्या कृषी खात्याचा.

ही गुंतागुंत आळसातून झालेली नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे, आणि म्हणून तो कायदा वाचायला हवा. 'महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियम, १९८३' हे आपल्या चारही कृषी विद्यापीठांचे सनदपत्र. दिवाळी अंकाच्या वाचकाला कलमे वाचायला लावणे हा थोडा अन्यायच, पण शेतीच्या ज्ञानाचा मालक कोण हा प्रश्न शेवटी याच कलमांत जाऊन बसतो.

सुरुवात राज्यघटनेपासून करू. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत चौदाव्या नोंदीत 'शेती' येते आणि शेतीचे शिक्षण व संशोधनही तिथेच येते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत नेला, पण शेतीशिक्षण राज्याकडेच राहिले. परिणाम असा की भारतीय कृषी संशोधन परिषद नमुना कायदा तयार करू शकते, अनुदान देऊ शकते, मूल्यांकन करू शकते. कायदा मात्र करायचा तो विधिमंडळानेच. विद्यापीठाच्या दारावर दोन धनी उभे असतात. एकाच्या हाती कायदा, दुसऱ्याच्या हाती पैसा आणि प्रतिष्ठा.

या विद्यापीठांची कल्पना अमेरिकेतून आली हे सर्वांना ठाऊक आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तिथल्या राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी करायला लावले. १८८७ च्या कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली, १९१४ च्या कायद्याने विस्तारकार्य. शिक्षण, संशोधन, विस्तार ही त्रयी तिथली. १९६० मध्ये पंतनगरला पहिले भारतीय कृषी विद्यापीठ उघडले ते याच साच्यावर.

वर्ध्याच्या वाचकाला मात्र एक आठवण करून द्यायला हवी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे मूलोद्योगी शिक्षण, पुढे आली. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष आर्थर मॉर्गन त्या आयोगाचे सदस्य होते. त्या प्रकरणावर मूलोद्योगी शिक्षणाची छाप उघड दिसते. गावातल्या कामातून वर चढत जाणारे विद्यापीठ, अशी ती कल्पना. देशाने मात्र वरून खाली उतरणारे विद्यापीठ निवडले. मला वाटते, साठच्या दशकातल्या अन्नटंचाईत दुसरी निवड शक्यही नव्हती. उत्पादन लगेच हवे होते. पण ती निवड झाली, आणि तिची किंमत सनदेत दिसते.

महाराष्ट्रात पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला स्थापन झाले, सबंध राज्यासाठी. कापसाचा मुलूख असलेल्या विदर्भाला हा निर्णय पचला नाही. अकोल्यात आंदोलन पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, तरुण पोरे गेली. कृषी विद्यापीठासाठी माणसांनी प्राण दिले हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटत नाही. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झाले. ज्यांचे नाव दिले ते पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खाते सांभाळत होते. अकोल्याचे विद्यापीठ मात्र त्यांनी पाहिले नाही, १९६५ मध्येच ते गेले. १८ मे १९७२ रोजी परभणी आणि दापोलीची भर पडली. अकोल्याच्या वाट्याला विदर्भाचे आठ जिल्हे आले होते, त्यांचे पुढे अकरा झाले. वर्धा पहिल्यापासून त्यात आहे.

१९८३ च्या कायद्याने चौघांना एका छताखाली आणले. राज्यपाल कुलपती. कृषिमंत्री प्रति-कुलपती. निवड समितीने सुचवलेल्या नावांतून कुलपती कुलगुरू नेमतात. कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी परिषद कारभार पाहते, विद्या परिषद अभ्यासक्रम. कुलसचिव, नियंत्रक, अधिष्ठाता, संशोधन संचालक, विस्तार शिक्षण संचालक ही पदे कायद्याने ठरलेली. इथपर्यंत नेहमीचेच. वेगळेपण पुढे आहे. चारही विद्यापीठांच्या डोक्यावर पुण्याला महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद बसवली आणि तिच्या अध्यक्षपदी कृषिमंत्री. म्हणजे मंत्री विद्यापीठाचे प्रति-कुलपती, शिवाय विद्यापीठावर देखरेख करणाऱ्या परिषदेचे प्रमुख. परिनियमही १९९० साली चारही विद्यापीठांना मिळून एकच झाले. दापोलीच्या लाल मातीला आणि अकोल्याच्या काळ्या मातीला एकच नियमावली.

समन्वय हवा होता हे मान्य. चार विद्यापीठांनी एकाच संशोधनावर चारदा खर्च करावा असे कोणी म्हणणार नाही. पण समन्वयासाठी बांधलेला मजला हळूहळू वरचा मजला होतो आणि खालच्यांना जिना चढत राहावे लागते.

आता शेतकरी. कार्यकारी परिषदेत तो आहे. विधिमंडळाचे सदस्य, शास्त्रज्ञ, कृषी उद्योजक यांच्याबरोबर प्रगतशील शेतकऱ्यांना कायद्याने जागा दिली आहे. पण ती नामनिर्देशित. साध्या विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधर निदान मतदान करून आपला माणूस पाठवतात. कृषी विद्यापीठाच्या रचनेत तशी वाट नाही. वडनेरच्या शेतकऱ्याला ग्रामपंचायत निवडता येते, बाजार समितीच्या निवडणुकीचे वारे त्याच्या अंगणातून जाते. त्याच्या बियाण्याचे शास्त्र ठरवणाऱ्या संस्थेत मात्र त्याच्या नावाने कोण बसायचे हे मुंबईत ठरते. निवडणूक आणली की विद्यापीठाचा आखाडा होईल अशी भीती दाखवली जाते. ती भीती खोटी नाही. पण नामनिर्देशन म्हणजे राजकारण नव्हे, असे समजणाऱ्याने मंत्रालयाचे जिने कधी चढलेले नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट विस्ताराची. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने शेतकऱ्यापर्यंत जाण्याचे काम महाविद्यालयांच्या हाती दिले. तिथला जिल्ह्याचा सल्लागार विद्यापीठाचा माणूस असतो. आपण त्रयी घेतली, पण तिसरा पाय छाटून घेतला. इथे विद्यापीठाच्या वाट्याला 'विस्तार शिक्षण' आले, म्हणजे प्रशिक्षण, प्रात्यक्षिके, मेळावे, प्रकाशने. गावोगावची यंत्रणा कृषी खात्याने स्वतःकडे ठेवली. त्यामुळे शास्त्रज्ञाची शिफारस खात्याच्या परिपत्रकातून, तालुका कार्यालयातून गावात येते. शेतकऱ्याचा उलट प्रश्न त्याच वाटेने वर चढायला निघतो आणि बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी बसतो. अकोल्याची शिवार फेरी लोकप्रिय आहे ती याच पोकळीमुळे. बसगाड्या भरून शेतकरी विद्यापीठाच्या शेतात जातात, उभे पीक बघतात, थेट विचारतात. वडनेरहून अकोला दोनशे किलोमीटरहून लांब, तरी लोक जातात.

या रचनेची कसोटी कापसावर लागली. एखादा वाण किंवा शिफारस आधी विद्यापीठात तपासली जाते, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत मांडली जाते. या बैठकीला संशोधकांत सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को'च म्हणतात. तिथे कडक उलटतपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. पुढे वाण समिती, नंतर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना. मग विद्यापीठाचे पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. पिशव्या भरायला १९७६ साली अकोल्यातच स्थापन झालेले महाबीज. याच वाटेने एकेए-७ सारखे देशी वाण आले, पीकेव्ही हायब्रीड-२ आले आणि विदर्भभर पसरले.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. काही हंगामांत खासगी पाकिटांनी बियाण्यांच्या दुकानांतल्या फळ्या व्यापल्या. पीकेव्ही हायब्रीड-२ मध्ये बीटी जनुक घालून विद्यापीठ आणि महाबीज बाजारात उतरेपर्यंत बरेच हंगाम उलटले होते. शास्त्रज्ञ कमी पडले असे मी म्हणणार नाही. जनुकाची मालकी कंपनीकडे, आणि करार करायचा तर विद्यापीठाला स्वतःच्या परिषदेपासून मंत्रालयापर्यंत विचारत जावे लागते. खासगी कंपनीला इतके जिने नसतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली तेव्हा लोक विद्यापीठाला विचारू लागले. ज्या बियाण्यात विद्यापीठाची मालकी नव्हती त्याचे उत्तर विद्यापीठाने द्यायचे होते.

सध्या या सनदेवर पुन्हा कात्री चालवायची मागणी आहे. पूर्व विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे आणि ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीला व्हावे, असे तिकडचे लोक वर्षानुवर्षे म्हणत आहेत. सिंदेवाहीला अकोला विद्यापीठाचे धान संशोधनाचे जुने केंद्र आहे, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा धानाचा मुलूख अकोल्यापासून खरोखरच दूर पडतो. मागणीत तथ्य आहे. अडचण आहे ती रेषेची. महसूल विभागाच्या रेषेने वाटणी झाली तर नागपूर विभागातला वर्धा जिल्हा धानाकडे जाईल आणि वर्धा नदीपलीकडचे यवतमाळ अकोल्याकडे राहील. नदीच्या दोन्ही काठांना तीच काळी जमीन, तीच कपाशी, तीच बोंडअळी. पिकाच्या रेषेने वाटायचे तर जिल्हे मोडावे लागतील, आणि आपल्या कोणत्याही विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राने आजवर जिल्ह्याची हद्द मोडलेली नाही. वडनेर कुठे बसवायचे, हे विधेयकाचा मसुदा लिहिणाऱ्याने तालुक्याच्या पीकपेऱ्याचे आकडे समोर ठेवून ठरवावे.