जुनी टर्बो गाडी दारात आणण्यापूर्वी

कापूस विकला गेला, केळीचे घड कापून झाले आणि हाती चार पैसे आले, की खानदेशातल्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. घरात माणसे आठ-दहा. मुलीचे सासर सटाण्याकडे, मामाचे गाव चोपड्याकडे. चैत्रात सप्तशृंगीला जायचे, आषाढीला मुक्ताईनगरला जायचे, कधी अपरात्री म्हाताऱ्या माणसाला धुळ्याच्या किंवा जळगावच्या दवाखान्यात न्यायचे. मोटारसायकलीवर हे भागत नाही. नवी मोठी गाडी घ्यावी तर वावर विकायची पाळी येते. मग घरातला कर्ता मुलगा म्हणतो, "जुनी घेऊ, थोडे काम करून घेऊ, नव्यासारखी होईल."

हा विचार वाईट नाही. जुनी दणकट गाडी समजून-उमजून घेतली आणि नीट दुरुस्त केली, तर ती वर्षानुवर्षे घरची सेवा करते. न पाहता घेतली, तर तीच गाडी दर हंगामाचे पीक खाते. हत्ती विकत घेणे सोपे, त्याला पोसणे अवघड, ही म्हण अशा गाड्यांना चांगली लागू पडते.

मॅटॅडोरपासून टर्बोपर्यंत

आपल्याकडे बंद टपाची, पुष्कळ माणसे बसतील अशी गाडी रुळली ती मॅटॅडोरमुळे. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने १९६९ साली ही गाडी बाजारात आणली आणि २००० सालापर्यंत काढली. वऱ्हाडाची गाडी म्हणजे मॅटॅडोर, हे समीकरण एका पिढीच्या मनात पक्के होते. १९९४ साली टाटांची सुमो आली. कंपनीचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून तिला हे नाव दिले. सुरुवातीच्या सुमोला टर्बो नव्हता. तो पुढे आला. २००४ साली टवेरा आली, २००५ साली इनोव्हा, २००७ साली विंगर. या तिन्ही गाड्यांची डिझेल इंजिने टर्बोची. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले. टवेरा विकणाऱ्या कंपनीने २०१७ साली भारतातली विक्री बंद केली. आज जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात त्या गाड्या याच. म्हणून पसंत पडलेल्या गाडीचे सुटे भाग आपल्या तालुक्याला किंवा निदान जिल्ह्याच्या गावी मिळतात का, ही पहिली चौकशी करावी. एका छोट्या भागापायी गाडी दोन महिने गोठ्याशेजारी उभी राहिली, तर स्वस्ताई कसली?

टर्बो म्हणजे काय?

डिझेल जळायला हवा लागते. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण पंधरा किलो हवा हवी. साधे इंजिन जेवढी हवा स्वतः ओढते, तेवढ्यावर चालते. टर्बोच्या इंजिनात धुराच्या वाटेवर एक छोटी पंखाचक्की बसवलेली असते. बाहेर जाणारा गरम धूर ती फिरवतो. तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळते आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक जोर मिळतो. आल्फ्रेड ब्यूकी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. भरलेली गाडी कन्नडचा घाट किंवा तोरणमाळची चढण दम न लागता चढते, ती या युक्तीमुळे.

पण ही चक्की नाजूक आहे. तिचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल घाण झाले, कमी पडले किंवा जळले, की दांडा झिजलाच म्हणून समजा. हवेच्या गाळणीतून काळ्या मातीची धूळ आत शिरली, की पंख्याची पाती घासतात. आपला मुलूख उन्हाचा आणि धुळीचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत टर्बोच्या गाडीला तेल, पाणी आणि गाळणी या तीन गोष्टींत हयगय चालत नाही. शेतरस्त्यावर गाडी नेहमी जात असेल, तर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच गाळणी पाहावी. घाट चढून आल्यावर किंवा लांबची धाव झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे सावकाश चालू ठेवावे, म्हणजे फिरते तेल टर्बोची उष्णता काढून नेते.

बैलाचे दात बघतो तसे

बैलबाजारात आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवतो आणि गाड्याला जुंपून पाहतो. नुसत्या रंगवलेल्या शिंगांवर पैसे मोजत नाही. गाडीलाही हीच रीत लावावी. विकणारा सांगेल, "गाडी चांगली शे भाऊ, डोया मिटीसन ल्या." डोळे मिटून मात्र काही घेऊ नये.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळा धूर सतत येत असेल तर तेल जळते आहे. टर्बो गेला असेल किंवा इंजिनाच्या रिंगा झिजल्या असतील. जोर लावताना भकाभका काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त, हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिनात पाणी शिरत असण्याचा संभव आहे. मग चालू इंजिनावर तेल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. आतून धुराचा जोरदार झोत येत असेल, तर इंजिन उघडण्याचा खर्च समोर आहे. पाण्याच्या टाकीचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तो सौदा तिथेच सोडावा.

आपल्या भरवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी. तो टर्बोची हवेची नळी काढून दांडा हलवून पाहील. दांडा दोन बाजूंना लटपटत असेल किंवा पाती घरात घासली असतील, तर टर्बो बदलावा लागेल. गाडीखाली शिरून तो सांगाडा पाहील. गंज, भेगा, जोडकाम आणि नव्याने फासलेला काळा रंग या खुणा त्याला कळतात. सांगाडा वाकलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

टर्बोचे सील फुटले तर क्वचित एक भयंकर प्रकार घडतो. इंजिन स्वतःचेच तेल ओढून जाळू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. उलट वेग वाढतच जातो. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबते. बाकीच्यांनी गाडीपासून दूर व्हावे. चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवे.

कागद आधी, पैसे नंतर

गाडी पसंत पडली तरी बयाणा देण्याची घाई नको. नोंदणीच्या पुस्तकातला सांगाडा क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. पुस्तकात बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय व्यवहार करू नये. दंडाची जुनी चलने, कर आणि विमा पाहावा. जळगावची एमएच १९, धुळ्याची एमएच १८ आणि नंदुरबारची एमएच ३९ गाडी घेणे त्या मानाने सोपे. सुरत-इंदूरकडची गाडी असेल, तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इकडचा कर यांचा हिशेब आधी करावा. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना हरित लवादाने २०१५ साली बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. तिथला कमी भाव ऐकून हुरळून जाण्याआधी इथला कर विचारावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

नाव बदलण्याचे काम "पुढच्या महिन्यात करू" म्हणून ठेवू नये. विम्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. विकणाऱ्यानेही जागे राहावे. पुस्तकावर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी विकून मोकळे झालो, असे मानणाऱ्याच्या जमिनीवर उद्या बोजा येऊ शकतो.

काय बदलावे, काय बदलू नये

तरुण मुलांना गाडी सजवायची हौस असते. हौसेला मोल नसते, पण कायद्याला असते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला आणि असा बदल आढळला, तर विम्याच्या भरपाईतही अडथळा येतो.

म्हणून पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्त आसने बसवू नयेत. पुढे लोखंडी गज लावू नयेत, टप कापू नये, भलतेच मोठे टायर चढवू नयेत. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून "जोर वाढवून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. त्या जोराबरोबर उष्णताही वाढते, मग आधी टर्बो जातो आणि पाठोपाठ इंजिनाचे डोके. इंजिन बदलायचे असेल किंवा रंग बदलायचा असेल, तर परिवहन कार्यालयाला विचारून पुस्तकात नोंद करून घ्यावी.

मग पैसे कुठे घालावे? ब्रेक, टायर, पाटे, रेडिएटर, रबरी नळ्या, दिवे, आसनांचे पट्टे यांवर घालावे. ही कामे बाहेरून दिसत नाहीत, पण लळिंगच्या घाटात मुलाबाळांनी भरलेली गाडी तीच सांभाळतात.

गॅसच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात ओम्नी गाडीत बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. अनेक जण भाजले, त्यांतले काही दगावले. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणे म्हणजे पेटत्या चुलीवर रॉकेल ओतणे. आपली मुले ज्या गाडीने शाळेत जातात तिच्यात गॅस कुठे भरतात, हे आयाबहिणींनी खडसावून विचारावे. जुन्या पेट्रोल गाडीला गॅसची टाकी असेल, तर तिची पुस्तकात नोंद आणि तपासणीचा दाखला पाहावा.

हिशेब घरात मांडावा

समजा, गाडी दीड लाखाला ठरली. टर्बो, पंप आणि क्लचला साठ हजार, टायरना पंचवीस हजार, कागद-विम्याला पंधरा हजार धरले, तर दारात उभी राहीपर्यंत अडीच लाख झाले. म्हणून हातात अडीच लाख असतील तर दीड लाखाचीच गाडी पाहावी. दुरुस्तीसाठी व्याजाने पैसे काढावे लागणार असतील, तर सौदा पुढच्या हंगामावर ढकलावा. वर्षातून पंधरा-वीस दिवसच मोठ्या गाडीची गरज असेल, तर भाड्याची गाडी स्वस्त पडते, हेही मोकळेपणाने मान्य करावे. आणि "भाडे मारून हप्ता फेडू" हा विचार मनातून काढावा. परवान्याशिवाय खासगी गाडीत भाड्याने माणसे बसवणे गुन्हा आहे. अशा वेळी अपघात झाला, तर भरपाईचा डोंगर मालकावर कोसळू शकतो.

गाडी घेतलीच, तर एक वही करावी. तेल कोणत्या तारखेला बदलले, गाळणी कधी साफ केली, टायर कधी घेतले, डिझेल किती लागले, हे घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे. दुखणे कुठे सुरू होते ते वहीतून आधी कळते. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर तीच वही घेणाऱ्यापुढे ठेवता येते. खरेदीचा निर्णयही एकट्याने घेऊ नये. घरातल्या बायामाणसांसह सर्वांनी बसून हिशेब पाहावा, कारण पैसा सर्वांच्या कष्टाचा आहे आणि त्या गाडीत बसणारही सगळेच आहेत.