हजार घोडे आणि दोन काटकोन

मायामीजवळच्या खुल्या समुद्रात शर्यतीची बोट ताशी १६० किलोमीटर वेगाने धावते आहे. एका लाटेच्या माथ्यावरून ती सुटते आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत सगळी हवेत जाते. या वेगात एका सेकंदाला ती जवळजवळ ४५ मीटर अंतर कापते. तेवढ्या काळात मागच्या पंख्याला ढकलायला पाणीच नसतं. पुढच्या क्षणी बोट खाली येते आणि जोरात फिरणारा पंखा हवेपेक्षा आठशेपटीहून अधिक घन असलेल्या समुद्रात घुसतो. त्या क्षणी खरी कसोटी इंजिनाची नसते. ती असते बोटीच्या पिछाडीला, खाऱ्या पाण्यात लटकलेल्या एका निमुळत्या धातूच्या यंत्राची. या यंत्राला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात.

गेटवेहून मांडव्याकडे जाणाऱ्या स्पीडबोटींच्या मागे अख्खं इंजिन बाहेर टांगलेलं आपण पाहिलेलं असतं. ते आउटबोर्ड. मोठ्या जहाजात इंजिन पोटात असतं आणि त्याचा लांब शाफ्ट तळातून बाहेर पडून पंखा फिरवतो. स्टर्न ड्राइव्ह ही या दोहोंमधली वाट. इंजिन बोटीच्या आत, कोरडं आणि सुरक्षित. पंखा आणि त्याला फिरवणारे गिअर बाहेर. हे बाहेरचं यंत्र डावी-उजवीकडे वळतं, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. ते खाली-वर झुकतं, म्हणून धावत्या बोटीची नाळ किती उचलायची हे चालकाला बटण दाबून ठरवता येतं.

ही रचना प्रत्यक्षात आणली जिम विन या अमेरिकी अभियंत्याने. तो आधी कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीत होता. त्याची कल्पना स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने उचलली आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात 'ॲक्वामॅटिक' लोकांसमोर आलं. आतलं इंजिन मोटारगाडीच्या इंजिनावरून घडवलेलं होतं. पुढच्याच वर्षी मायामी ते नासाऊ या शर्यतीत खवळलेल्या समुद्राने बहुतेक बोटींना मागे ठेवलं. पहिली आली 'मॉपी' आणि दुसरी 'ॲक्वा हंटर'. दोन्हींचा खोल व्ही आकाराचा तळ रे हंट यांनी रेखला होता. दुसरी बोट खुद्द विन चालवत होता, आणि तीही स्टर्न ड्राइव्हवर. खुल्या समुद्रात पळणाऱ्या बोटींचं जग ज्या दोन कल्पनांनी बदललं, त्या दोन्ही, म्हणजे खोल व्ही तळ आणि स्टर्न ड्राइव्ह, त्या एका बोटीत एकत्र होत्या.

आता या यंत्राच्या आत उतरू. इंजिनाकडून आलेली ताकद आडव्या शाफ्टने बोटीबाहेर येते. तिथे गिअरची एक जोडी तिला काटकोनात खाली वळवते. उभा शाफ्ट तिला पाण्याखाली नेतो. तिथे दुसरी जोडी तिला पुन्हा काटकोनात मागे वळवते आणि पंखा फिरू लागतो. म्हणजे इंजिनाची सगळी ताकद दोनदा काटकोनात वळते, आणि प्रत्येक वळणावर ती कोणत्याही क्षणी मोजक्या दातांच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून पलीकडे जाते.

ही ताकद केवढी? मर्क्युरी रेसिंगने २०१० साली १३५० हॉर्सपॉवरचं, दोन टर्बो असलेलं व्ही-८ इंजिन आणलं. ते मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ही ताकद देतं असं धरलं, तर शाफ्टला पिळणारा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे १६०० न्यूटन-मीटर होतो. आपल्याकडच्या साध्या पेट्रोल हॅचबॅकचा टॉर्क ११० च्या आसपास असतो. गिअरमध्ये वेग दीडपट कमी केला, तर पंख्याच्या शाफ्टवर हाच जोर २४०० पर्यंत पोचतो. कित्येक बोटींच्या मागे अशी दोन यंत्रं शेजारी शेजारी चालू असतात.

मग गिअर आणखी मोठे का करत नाहीत? उत्तर पाण्यात आहे. खालचा गिअर ज्या गोलसर डब्यात बसतो, तो डबा पाणी कापत जातो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद आठपट. गिअर जाड केला की डबा फुगतो आणि वाढवलेले घोडे तो फुगलेला डबा ओढण्यातच खर्ची पडतात. टिकाऊपणाला जाडी हवी, वेगाला बारीकपणा. स्टर्न ड्राइव्हचा सगळा इतिहास ही ओढाताण सोडवण्याचा इतिहास आहे, आणि ती ज्या तऱ्हांनी सोडवली गेली त्या पाहून मन थक्क होतं.

पहिली तऱ्हा पोलादाची. गिअर मिश्र पोलादाचे करतात आणि भट्टीत त्यांच्या पृष्ठभागात जास्तीचा कार्बन मुरवतात. त्यामुळे वरची कातडी अतिशय कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. कठीण कातडी झिजत नाही, चिवट गाभा धक्क्याने तडकत नाही. दात सरळ न कापता वळणदार कापतात, म्हणजे प्रत्येक दात एकदम न आदळता सरकत सरकत दुसऱ्याला भिडतो.

दुसरी तऱ्हा दिसत नाही, पण तितकीच मोलाची. भाराखाली असे गिअर एकमेकांना दूर रेटतात. बाहेरचं कवच किंवा बेअरिंग किंचितही लवलं, तर भार दाताच्या मध्यावरून कडेला सरकतो आणि कड तुटते. म्हणजे गिअर फुटला तरी दोष बरेचदा त्याला धरून ठेवणाऱ्या कवचाचा असतो. म्हणूनच जाणते मेकॅनिक गिअर बसवताना शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून मिलिमीटरच्या शतांशांत अंतर जुळवतात आणि दातांवर रंग लावून ते नेमके कुठे टेकतात ते पाहतात.

तिसरी तऱ्हा म्हणजे ओझं कमी करणं. साध्या ड्राइव्हमध्ये पुढे-मागे जाण्याचा क्लच त्याच्या आतच असतो. मर्क्युरी रेसिंगच्या एम८सारख्या मोठ्या ताकदीच्या ड्राइव्हमधून तो काढून टाकला आहे. ते काम बोटीच्या आतला हायड्रॉलिक गिअरबॉक्स करतो. बाहेरच्या यंत्रात उरतात फक्त मजबूत गिअर, शाफ्ट आणि बेअरिंग. तेलाचंही तसंच. गिअर तेलात बुडवून ठेवले की ते तेल घुसळत राहतात आणि तेल तापतं. ड्राय संप रचनेत पंप नेमक्या दातांवर तेल फवारतो आणि ते परत खेचून घेतो. घुसळण थांबते, उष्णता घटते, ताकदही वाचते.

चौथी तऱ्हा आकाराची. फार वेगात बोथट नाकाच्या डब्यापाशी पाण्याचा दाब इतका घसरतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते. हे बुडबुडे मागे पंख्यापर्यंत पोचले की त्याची पकड सुटते आणि बोट अचानक वेग हरवते. म्हणून वेगवान ड्राइव्हचं नाक अणकुचीदार असतं, आणि थंडाव्याचं पाणीही त्या नाकातूनच आत घेतात, कारण तेवढाच भाग खात्रीने बुडालेला असतो. पंखा तर अर्धा पाण्याबाहेर चालवतात. मिनिटाला ४००० फेऱ्या घेणाऱ्या पाच पात्यांच्या पंख्याची पाती सेकंदाला ३३३ वेळा पाण्यावर आपटतात. त्यातला प्रत्येक फटका शाफ्टमधून त्याच दातांपर्यंत जातो.

पण हे सगळे फटके एका बाजूला आणि हवेतून परतणारी बोट दुसऱ्या बाजूला. विहिरीतून पाणी शेंदताना दोर सावकाश ताणला तर भरलेला पोहरा बिनघोर वर येतो. तोच दोर ढिला पडून एकदम हिसका बसला तर तुटतो. बोट हवेत असताना पंख्यावरचा भार जातो, इंजिन पिसाटासारखं फिरू लागतं आणि पाण्यात परतताना ती सगळी गती गिअरच्या दातांवर हिसक्यासारखी कोसळते. म्हणून खुल्या समुद्राच्या शर्यतीत बोटीत दोघं बसतात. एकाच्या हाती चाक आणि दुसऱ्याच्या हाती फक्त थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा. बोट पाणी सोडते तेव्हा थ्रॉटल मागे घ्यायचा आणि टेकताना नेमक्या वेळी पुढे द्यायचा, हे त्या दुसऱ्याचं काम. ड्राइव्हचं आयुष्य निम्मं कारखान्यात ठरतं आणि निम्मं या हातात.

यातूनच निवडीचं सूत्र मिळतं. पत्रकावर छापलेला हॉर्सपॉवरचा आकडा पुरेसा नाही, कारण गिअरचे दात मोडतो तो टॉर्क. दोन इंजिनं प्रत्येकी १००० हॉर्सपॉवरची असली, तरी कमी फेऱ्यांवर ती ताकद देणारं इंजिन दातांवर जास्त भार टाकतं. त्याच्या जोडीला बोटीचं वजन पाहावं. दोन तळांमधल्या बोगद्यातल्या हवेवर उचलली जाणारी हलकी कॅटामरान ज्या ड्राइव्हवर वर्षानुवर्षं धावेल, तोच ड्राइव्ह इंधन आणि माणसांनी भरलेल्या जड व्ही तळाच्या बोटीखाली लवकर थकेल. मग पाणी पाहावं. लेक हवासूसारख्या वाळवंटातल्या तळ्यात ताकद सलग वाहते. अटलांटिकच्या लाटांवर ती हिसक्यांनी येते. ड्राइव्हला ठरवून दिलेली मर्यादा आपल्या इंजिनाच्या ताकदीला जेमतेम शिवत असेल, तर खुल्या समुद्रासाठी एक पायरी वरचा ड्राइव्ह घेणं शहाणपणाचं. त्याने सर्वोच्च वेगातले काही किलोमीटर जातील, पण किनाऱ्यापासून दूर असताना परत येण्याची खात्री मिळेल.

आणि घेतल्यावर त्याचं ऐकावं. गिअर ऑइल दुधासारखं झालं असेल तर कुठल्या तरी सीलमधून पाणी शिरलं आहे. चुंबक असलेल्या प्लगवर बारीक राखाडी लव असणं स्वाभाविक, पण नखाला लागणारे कण दिसले तर कातडी सुटू लागली आहे. इंजिन आणि ड्राइव्हमधला रबरी भाता फाटला तर समुद्र थेट जोडाच्या बेअरिंगवर येतो. ॲल्युमिनियमचं कवच आणि स्टेनलेस स्टीलचा पंखा खाऱ्या पाण्यात एकत्र आले की कवच गंजून झडू लागतं. त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे ॲनोड वेळेवर बदलावे लागतात.

टिकाऊ ड्राइव्ह म्हणजे कधीच न मोडणारं यंत्र नव्हे. तसं यंत्र करता येईल, पण ते इतकं जाड होईल की बोट धावणारच नाही. टिकाऊ ड्राइव्ह तो, ज्याच्या मर्यादा आपल्या इंजिनाला, आपल्या बोटीला आणि आपल्या समुद्राला ओळखून निवडल्या आहेत, आणि ज्याचा मालक त्या मर्यादा विसरत नाही.