पाहुणा ओसरीत, सायकल घरात

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. धान मळून झाले होते. संध्याकाळी कारध्याच्या एका शेतकऱ्याचा मला फोन आला. "सायेब, नागपूरची तीन पोरं आली. मानसं ओसरीत निजतो म्हनतेत, पन सायकल घरात पायजे म्हनतेत!" त्याला हसू येत होते आणि थोडी भीतीही वाटत होती. घरात सून, शाळकरी मुली, आणि दारात अनोळखी तरणी पोरे.

ही पोरे कोका अभयारण्याच्या बाजूच्या गावरस्त्यांनी दिवसभर हिंडून आली होती. भंडाऱ्यात एका लॉजवर गेली, तर चिखलाच्या सायकली आत घेणार नाही, बाहेर रस्त्यावर लावा, असे सांगितले. डोंगरी सायकल म्हणजे रुंद, दातेरी टायरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली. चांगली घ्यायची तर बैलजोडीची किंमत पडते. ती रात्रभर रस्त्यावर कोण ठेवील? म्हणून वैनगंगेचा पूल ओलांडून ती कारध्याला आली.

मी म्हणालो, नावे-पत्ते वहीत लिहून घ्या, आधार कार्ड पाहा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला आणि ठेवून घ्या. धानाच्या कोठीला कुलूप होते, तिथे सायकली गेल्या.

आपल्याला हे नवल वाटते, पण बाहेर देशी यावर घरे चालतात. इंग्लंडच्या खेड्यात पब असतो. तो नुसता दारूचा गुत्ता नव्हे, गावाची खाणावळ आणि चावडीही तोच. पुष्कळ ठिकाणी माडीवर दोनचार खोल्या असतात आणि डोंगरात सायकली फिरवणारे शनिवार-रविवार तिथे उतरतात. जर्मनीत तर सायकलस्वारांच्या संघटनेने १९९५ पासून 'बेट अँड बाईक' नावाची योजना चालवली आहे. सायकलवाल्यांची सोय करणाऱ्या घराला ती पाटी देते. अटी साध्या आहेत: एका रात्रीसाठी आलेल्यालाही नाही म्हणायचे नाही, सायकलीला कुलूपबंद जागा, ओले कपडे वाळवायची सोय, सकाळी पोटभर न्याहारी आणि दुरुस्तीची चार हत्यारे. यातले आपल्या घरी काय नाही, सांगा!

त्या रात्री मालकिणीने चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी वाढली. एकेकाने तीन-तीनदा भात घेतला. दिवसभर पायडल मारणाऱ्याला भातच लागतो, मेजवानी लागत नाही. पिण्याचे पाणी मात्र उकळून ठेवावे, संडास स्वच्छ असावा आणि मच्छरदाणी विसरू नये.

एक चूक झाली, ती सांगतो. सकाळी मुलाने हौसेने फवारणी पंपाच्या जोरदार धारेने सायकली धुतल्या. पाणी चाकाच्या आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये शिरले, ग्रीस निघाले, आणि एक पोरगा चांगलाच हिरमुसला. बादली, फडके आणि जुना दाताचा ब्रश पुरे. नंतर साखळी पुसून तेलाचे दोन थेंब. आणखी एक, या सायकलींच्या ट्यूबची वाल पुष्कळदा बारीक असते. तिला आपला पंप बसत नाही. एक छोटा पितळी जोड मिळतो, तो आणून ठेवावा. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात त्याची गरज पहिल्याच दिवशी पडते.

पोरांनी जाताना माणशी सहाशे रुपये दिले. शेतकरी घ्यायला तयार नव्हता. पाहुण्याकडून जेवणाचे पैसे कसे घ्यायचे, हा त्याचा प्रश्न. मालकीण म्हणाली, "भात फुकट पिकते का?" आणि तिने घेतले. मला तिचे म्हणणे पटले.

नियमित करायचे असेल तर रीतसर करावे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते, हे विसरून चालत नाही. आणि पाहुण्याला रस्ता सांगताना जपून सांगावा. अभयारण्यात सायकल घालू नये, तिथे वाघ आहे. गेटावर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पावसाळ्यात तर नकोच. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेने काय केले ते कारध्याला सांगायला नको. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ बरा. बांध मोकळे असतात, आपल्यालाही थोडी सवड असते.

परवा पुन्हा फोन आला. या खेपेला पाचजण येणार आहेत, त्यात दोन मुली. मालकिणीने त्यांच्यासाठी आतली खोली सारवून घेतली आहे, आणि मला विचारते आहे, तो पितळी जोड भंडाऱ्यात कुठल्या दुकानात मिळेल.