हरवलेल्या पॅकेटचा माग
पेडणे-डिचोलीच्या अंगाने लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरांची कथा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत नेट बंद पडण्याची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. वळवाच्या विजा तारांवरून घरात शिरतात आणि राउटरचे पोर्ट जाळतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख आहे; खांबावरून माडावर आणि माडावरून घरावर ओढलेल्या केबलच्या जोडांत पाणी मुरते. उकाड्यात बंद खोलीतला स्वस्त स्विच तापतो. वीज जाते, येते, पुन्हा जाते. मग कोणीतरी केबल बदलतो, राउटर बंद करून चालू करतो आणि "आता बघा" म्हणतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

भागत नाही तेव्हा गोष्ट रंगतदार होते. केबल ठीक, राउटर ठीक, दिवा लुकलुकतोय, तरी फाइल अर्ध्यावर अडते. अशा वेळी संशयाची सुई ज्याच्याकडे वळते तो म्हणजे नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजेच संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा असलेला कर्नल आणि नेटवर्कची चिप यांच्यामध्ये बसलेला काही हजार ओळींचा कोड. वातानुकूलित खोलीत, उत्तम हार्डवेअरवर ड्रायव्हरचे दोष वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. स्वस्त कार्ड, तुटत-जुळत राहणारी लिंक, मध्येच गेलेली वीज यांनी ते जागे होतात. म्हणजे दोष आधी दिसतात ते कडेच्या गावांत. तिथल्या माणसाला तो कोड उघडून पाहता येतो का आणि दुरुस्ती परत पाठवता येते का, हा या लेखाचा विषय आहे.

स्वस्त चिपची थोरवी

लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली जाहीर केलेल्या लिनक्स कर्नलचा कोड कोणालाही वाचायला खुला आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. कारण सरळ आहे: जगात जितक्या प्रकारच्या चिप, तितक्या त्यांच्या तऱ्हा.

तैवानच्या रिअलटेक कंपनीची ८१३९ ही चिप घ्या. एका काळी भारतातल्या सायबर कॅफेत आणि शाळांच्या संगणक खोल्यांत सर्रास दिसणारे स्वस्त कार्ड हिच्यावर बेतलेले असे. चांगल्या चिपमध्ये येणाऱ्या पॅकेटांसाठी, म्हणजे नेटवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्यांसाठी, मेमरीत स्वतंत्र कप्प्यांचे एक वर्तुळ असते. चिप प्रोसेसरला न विचारता पॅकेट थेट कप्प्यात टाकते आणि कर्नल तो कप्पाच उचलून पुढे देतो. ८१३९मध्ये कप्पे नाहीत. एकच सलग पट्टा, त्यावर पॅकेट एकामागे एक पडत जातात आणि प्रोसेसरला प्रत्येकाची नक्कल करून ते दुसरीकडे हलवावे लागते. पाठवण्यासाठी अवघे चार खण. पाठवायचा मजकूर चार बाइटांच्या सीमेवर सुरू झाला नाही, तर त्याचीही नक्कल. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त कार्यप्रणालीसाठी हिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलने कोडच्या माथ्यावरच या चिपची यथेच्छ खिल्ली उडवली आहे. पण ड्रायव्हर लिहिला, आणि तो चालला.

लिनक्सवर अशा कार्डांना जिवंत केले ते डोनाल्ड बेकरने. अमेरिकेच्या नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंगच्या जोडीने १९९४ साली त्याने साधे, बाजारात मिळणारे संगणक जोडून 'बेवूल्फ' नावाचा महासंगणकाचा स्वस्त पर्याय उभा केला. स्वस्त संगणकांना स्वस्त कार्डेच परवडतात. म्हणून तो एकेका कार्डाचा ड्रायव्हर लिहीत गेला आणि कोड खुला ठेवत गेला. पुढे जेफ गार्झिकने ८१३९चा ड्रायव्हर नव्याने बांधला. नासाने स्वतःच्या काटकसरीसाठी केलेल्या कामाचा लाभ मग जगभरच्या शाळांना झाला.

गोवाही त्यात आला. गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट' उभा राहिला. अमेरिकेत वापरून झालेले संगणक गोव्यातल्या शाळांत आणायचे, अशी ती योजना. पण जुन्या संगणकासाठी नव्या कार्यप्रणालीचा परवाना घ्यायचा, तर परवानाच यंत्रापेक्षा महाग. मग लिनक्स आले; रेड हॅट कंपनीने त्याला हातभार लावला. साळगावचे पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी या उपक्रमावर सातत्याने लिहिले.

जुन्या यंत्रांच्या संगणक खोलीसाठी १९९९ साली 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' नावाची एक रचना पुढे आली होती. एक दणकट सर्व्हर आणि भोवती हार्ड डिस्क नसलेले म्हातारे संगणक. बटण दाबले की त्यांनी नेटवर्कवरून कर्नल मागवायचा आणि चालू व्हायचे. तिथे ड्रायव्हर चुकला तर नुसते इंटरनेट जात नाही. सगळ्या वर्गाचे पडदे काळे पडतात.

फेरीबोटीचे गणित

पॅकेट आले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम टाकून धावतो, पॅकेट घेतो, परत कामाला लागतो. सेकंदाला शंभर पॅकेट आली तर हे ठीक. लाखभर आली तर प्रोसेसर नुसता हाकांना 'ओ' देत राहतो. घेतलेल्या पॅकेटचे पुढे काही करायला त्याला फुरसतच उरत नाही. यंत्र चालू असते, पण काम शून्य.

केरी-तेरेखोल धक्क्यावर प्रत्येक स्कूटरवाल्याने भोंगा वाजवून फेरीबोट बोलावली आणि बोट एकेकासाठी पलीकडून आली, तर दुपारपर्यंत रांग पेडण्यापर्यंत पोचेल. बोट तसे करत नाही. ती एकदा लागते, धक्क्यावर असतील तेवढ्यांना मावेल इतके घेते आणि निघते. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ साली मांडलेली 'नापी' ही रचना हेच करते. पहिल्या हाकेला ड्रायव्हर कार्डाच्या पुढच्या हाका बंद करतो आणि एका खेपेत ठरावीक संख्येपर्यंत, साधारणतः चौसष्टपर्यंत, पॅकेट उचलतो. रांग संपली की हाका पुन्हा सुरू.

वाचायला सोपे, लिहायला अवघड. शेवटचे पॅकेट उचलले आणि हाका सुरू केल्या, या दोन क्रियांच्या मधल्या फटीत एक पॅकेट आले तर? त्याची हाक कोणी ऐकली नाही. पुढचे पॅकेट येईपर्यंत ते तिथेच पडून राहील. नेट अडकते आणि काही तरी नवीन आले की आपोआप सुटते. नेटवर्क ड्रायव्हरांतल्या कितीतरी बगांचे मूळ अशा फटींत असते.

माग काढायची रीत

अनुभवी माणूस कोड उघडण्याआधी आकडे बघतो. लिंक किती वेगाने जुळली आहे? गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक जोडी गंजली वा तुटली की जोडणी अनेकदा शंभर मेगाबिटवर उतरते. पॅकेटच्या शेवटी असलेली पडताळणीची बेरीज चुकल्याचे आकडे वाढताहेत का? मग दोष बहुधा तारेत, जोडात, पाण्यात. ते आकडे शून्य, तरी पॅकेट गळतात? आता ड्रायव्हरकडे वळायचे. कर्नल प्रत्येक उपकरणाच्या इंटरप्टांची मोजदाद ठेवतो. पाठवणे चालू असूनही तो आकडा हलत नसेल, तर हाक प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. पाठवायला दिलेले पॅकेट ठरल्या मुदतीत गेले नाही, तर कर्नलचा पहारेकरी नोंदवहीत तशी तक्रार लिहितो.

त्यानंतरचे काम चिकाटीचे. कोडमध्ये जागोजागी 'इथवर पोचलो' अशा नोंदी टाकायच्या. गंमत अशी की नोंद लिहायलाही वेळ लागतो, त्याने फट बुजते आणि बग नाहीसा होतो. नोंदी काढल्या की परत हजर. जुना कर्नल चालत होता आणि नवा चालत नाही, अशी तक्रार असेल तर उपाय हुकमी आहे. मधल्या बदलांच्या बरोबर मध्यावरचा कर्नल बांधून पाहायचा. दोष आहे? तर मागच्या अर्ध्यात शोधा. नाही? तर पुढच्या. हजार बदलांतून दोषी बदल दहा फेऱ्यांत सापडतो. त्याला कर्नलची जाण कमी असली तरी चालते. कार्ड आणि धीर हवा.

दोष कुठे लपतो याचे दोन मासले सांगण्याजोगे आहेत. इथरनेटची चौकट साठ बाइटांहून लहान चालत नाही. मजकूर कमी पडला तर भर घालावी लागते. २००३च्या जानेवारीत उघड झाले, की अनेक ड्रायव्हर ही भर शून्यांनी न घालता मेमरीत जे पडलेले असेल त्यानेच भरत होते. म्हणजे 'आहेस का?' एवढेच विचारणाऱ्या साध्या पिंग संदेशाच्या उत्तरासोबत दुसऱ्याच कोणाच्या मजकुराचे तुकडे बाहेर जात होते. नेट मात्र उत्तम चालत होते, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हते.

दुसरा मासला २००८चा. कर्नलच्या २.६.२७ आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे कायमची निकामी होऊ लागली. त्यांच्या आतली कायमस्वरूपी मेमरीच पुसली जात होती. संशय अर्थातच इंटेलच्या ड्रायव्हरवर. शोध लागला तेव्हा तो निर्दोष निघाला. दोष होता 'एफट्रेस' या, कर्नलमधले बग शोधण्यासाठीच बनवलेल्या साधनात. सुरुवातीला कोड असलेली आणि नंतर मोकळी झालेली एक जागा त्याने लक्षात ठेवली होती. त्याच पत्त्यावर आता कार्डाची मेमरी जोडली गेली होती आणि एफट्रेस जुन्या समजुतीने तिथे लिहायला जात होता. ड्रायव्हर, साधन आणि मेमरीची व्यवस्था हे तिन्ही कोड सर्वांसमोर उघडे होते, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची माणसे एकाच धाग्याने मुळाशी पोचली.

खैराटचा वर्ग, पुण्याचा कोड

मराठी मुलखाशी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध बिनतारी ड्रायव्हरांमधून येतो. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये मार्व्हेल कंपनीची वाय-फाय चिप होती आणि 'लिबर्टास' हा तिचा ड्रायव्हर त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.२२ आवृत्तीत दाखल झाला. हे लॅपटॉप टॉवर किंवा राउटर नसतानाही आपसांत जाळे विणत. प्रोसेसर झोपला तरी चिप एकटी जागी राहून शेजाऱ्याची पॅकेट पुढे सरकवी.

इथे मोकळेपणाची मर्यादाही दिसली. ड्रायव्हर खुला होता, पण चिपच्या पोटात चालणारे फर्मवेअर बंद होते. ओपनबीएसडी या आणखी एका मुक्त कार्यप्रणालीच्या थिओ द राट याने २००६ सालीच त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. आणि एका खोलीत अनेक लॅपटॉप जमले की एकमेकांना 'मी आहे' सांगण्यातच त्यांची हवा भरून जाई. हा दोष प्रयोगशाळेतल्या दोन-चार यंत्रांत दिसणारा नव्हता. भरलेला वर्ग लागला.

मार्व्हेलचे एक विकास केंद्र पुण्यात आहे. लिबर्टासनंतरचा 'एमवायफायएक्स' हा ड्रायव्हर २०११ साली लिनक्स ३.० मध्ये आला. त्याच्या पहिल्या नोंदीखालच्या सह्यांत सारमुकादम, करवार, दिवेकर, पोवार ही आडनावे वाचायला मिळतात. सही म्हणजे जबाबदारी: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे लिहिणाऱ्याने नोंदवायचे. २००४ पासून लिनक्समध्ये ही प्रथा आहे. हाच ड्रायव्हर पुढे कित्येक क्रोमबुकांत आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटांवर लिनक्स चालवणाऱ्यांच्या कामी आला. २०१९ साली त्यात गंभीर दोष सापडले. जवळपासच्या वाय-फायने हवेत सोडलेल्या ओळखपत्रातली लांबी न तपासता ड्रायव्हर ती माहिती मेमरीत उतरवत होता. वाईट हेतूने बनवलेले ओळखपत्र यंत्र पाडू शकत होते. दुरुस्ती लांबी तपासणाऱ्या मोजक्या ओळींची होती. त्याच वर्षाअखेर मार्व्हेलचा वायरलेस व्यवसाय एनएक्सपी कंपनीकडे गेला. धंद्याची मालकी बदलली तरी ड्रायव्हर कर्नलमध्येच राहिला आणि त्याची देखभालही तिथेच चालू राहिली. बंद कोड असता, तर जुन्या चिपांचे भवितव्य नव्या मालकाच्या मर्जीवर गेले असते.

मये, तुये आणि मोपा

आज पेडणे तालुका बदलला आहे. मोपाचा विमानतळ २०२२च्या डिसेंबरात उद्घाटित झाला. तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखली आहे. मोरजी-मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर लॅपटॉप उघडून दूरदेशीच्या कंपनीचे काम करणारी माणसे दिसतात. डिचोलीत खाणींनी पोसलेल्या पिढीची मुले २०१२ च्या खाणबंदीपासून दुसऱ्या रोजगाराच्या शोधात आहेत, आणि मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे.

तिथल्या विद्यार्थ्याला ड्रायव्हर शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. भंगारात निघालेले ८१३९चे कार्ड, एक जुना संगणक आणि फुकट मिळणारा कर्नल पुरतो. कार्डही नसेल तर क्यूएमू हे मुक्त सॉफ्टवेअर ८१३९ चिप आभासी रूपात उभी करते. हवी तितक्या वेळा कोसळवता येते. सुरुवात बग नोंदवण्यापासून करावी: कर्नलची आवृत्ती, कार्डाचा नेमका क्रमांक, आकडे, आणि दोष हटकून घडवून आणण्याची रीत. एवढे नीट लिहिले, की अर्धी दुरुस्ती झालेली असते. नव्या वाटाही उघडत आहेत. मेमरीच्या चुका आधीच अडवणाऱ्या रस्ट भाषेत लिहिलेला पहिला इथरनेट फिजिकल लेयरचा ड्रायव्हर २०२४च्या लिनक्स ६.८ मध्ये आला. या क्षेत्रात जुनी माणसेही नवशिकीच आहेत.

तुयेच्या वसाहतीत उद्या राउटर जोडले गेले, तरी त्यांचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर बाहेरून बंद डब्यात येणार असतील, तर इथे उरेल ते स्क्रू आवळण्याचे काम. ड्रायव्हर वाचणारी पाच-दहा माणसे तालुक्यात असतील, तर विजेने अर्धवट मेलेले पोर्ट, गळके जोड आणि दर पावसाळ्यात रडणारे नेट हीच त्यांची चाचणीशाळा ठरेल. अशी चाचणीशाळा बेंगळुरूच्या कंपनीला पैसे मोजून उभी करावी लागते. पेडणे-डिचोलीला ती दर वर्षी आयती मिळते. तिचा उपयोग अभ्यासक्रमात करायचा की नुसती तक्रार करत राहायचे, एवढेच आता ठरवायचे आहे.