वजाबाकी केली, तरी शिखर वाढलं

आवाजाच्या आत : लेखांक ६

स्टुडिओत गाणं तयार होतं. त्यातलं सगळ्यात उंच शिखर मीटरच्या मर्यादेत नेमकं बसवलेलं असतं. उरलेली थोडी घरघर काढून टाकावी म्हणून तंत्रज्ञ ३० हर्ट्झच्या खालचं सारं गाळणारा फिल्टर लावतो. आता आवाजातून काहीतरी कमी झालं, म्हणजे मीटर खाली यायला हवा. पण तो वर चढतो आणि लाल दिवा पेटतो!

असं का होतं, हे चौकोनी लहरीवर सर्वांत स्वच्छ दिसतं. फ्रेंच गणितज्ञ फूरिए याने १८२२च्या ग्रंथात मांडलेली कल्पना मागच्या लेखांकात आली होती : आवर्ती लहर कितीही वेडीवाकडी असो, ती साध्या साइन लहरींची बेरीज असते. १०० हर्ट्झच्या चौकोनी लहरीत १००, ३००, ५००, ७०० अशा फक्त विषम पटीच्या लहरी असतात. तिसऱ्या पटीची उंची पहिलीच्या एक तृतीयांश, पाचवीची एक पंचमांश, आणि पुढेही तसंच.

आता या लहरीतून १००च्या वरचं सगळं कापून टाकू. उरते एकच गुळगुळीत साइन लहर. मूळ चौकोनाची उंची १ धरली, तर या लहरीची उंची भरते १.२७. शक्ती मोजली तर मात्र ती ८१ टक्क्यांवर आलेली असते. शक्ती घटली आणि शिखर सत्तावीस टक्क्यांनी वाढलं.

यात जादू नाही. १००ची लहर जिथे शिखरावर असते, नेमकी तिथेच ३००ची लहर तळाशी असते. ती ते शिखर खाली दाबून धरते. ५००ची, ७००ची अशा पुढच्या लहरी कुठे थोडं उचलतात, कुठे दाबतात, आणि सगळ्यांच्या ओढाताणीतून सपाट माथा तयार होतो. दाबणारी लहर काढली की दबलेलं शिखर वर उसळतं.

मग कापायची रेषा बरीच वर नेली, पटीतल्या पुष्कळ लहरी राहू दिल्या, तर? माथा जवळजवळ सपाट होतो, पण कडेला एक टोक उरतंच. लहरी कितीही वाढवा, ते टोक अरुंद होत जातं. त्याची उंची मात्र माथ्याच्या सुमारे अठरा टक्के वरच राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज याने १८९९मध्ये ‘नेचर’मधल्या पत्रात याचा खुलासा केला आणि त्याचंच नाव या टोकाला चिकटलं. विल्ब्रहॅम या इंग्रज गणितज्ञाने १८४८मध्येच ते दाखवून दिलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

इथवर फिल्टरने निदान काहीतरी काढलं तरी होतं. पुढचं उदाहरण त्याहून चक्रावणारं आहे. त्याच १०० हर्ट्झच्या लहरीला एक रोधक आणि एक संधारक यांचा अगदी साधा हाय-पास, म्हणजे खालच्या लहरी गाळणारा, फिल्टर लावू, तोही फक्त १० हर्ट्झचा. मुळात १०० हर्ट्झच्या खाली काहीच नाही, तेव्हा त्याने काढायचं तरी काय? १००ची लहर जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी होते. तरीही पडद्यावर चौकोनाचा माथा उतरत्या छपरासारखा कलतो. डावा कोपरा सोळा टक्के वर जातो, उजवा तितकाच खाली येतो.

हा सारा खेळ फेजचा, म्हणजे लहरी एकमेकींच्या तुलनेत किती पुढे-मागे आहेत याचा. हा फिल्टर १००ची लहर ५.७ अंशांनी पुढे ढकलतो, ३००ची १.९ अंशांनी, आणि वरच्या लहरींना त्याहूनही कमी. वेळेत पाहिलं तर पहिली लहर मिलिसेकंदाच्या सहाव्या हिश्शाएवढी पुढे सरकते. बाकीच्या जवळपास जागच्या जागी राहतात. घटक तेच, त्यांची जुळणी तेवढी मोडली. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे कुणालाही करून पाहता येईल. फक्त लहर निम्म्या उंचीवर तयार करावी आणि फिल्टरचा उतार ६ डेसिबलचा ठेवावा.

कानाला मात्र या उतरत्या छपराचा पत्ताही लागत नाही. विद्युतरोधाच्या नियमामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या ओमने १८४३मध्ये सुचवलं, की कान आवाजाचे घटक वेगवेगळे ओळखतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३च्या ग्रंथात ते पुढे नेलं : स्वराचा पोत घटकांच्या ताकदीवर ठरतो, त्यांच्या फेजवर नाही. पुढच्या संशोधनाने याला मर्यादा घातल्या. फेजमधला फरक खूप मोठा असला, तर तो ऐकू येतो. पाच-सहा अंशांचा मात्र नाही.

कानाला फरक पडला नाही, तरी यंत्राला पडतो. एएम रेडिओत आवाजाची खालची बाजू शंभर टक्क्यांपलीकडे गेली, की वाहक लहर क्षणभर तुटते आणि आवाज फाटतो. माणसाच्या बोलण्याची लहर बहुधा एका बाजूला जास्त उंच असते. म्हणून रेडिओ केंद्रांवर असे फिल्टर वापरतात, जे घटकांच्या उंचीला हात न लावता फक्त फेज फिरवतात. दोन्ही बाजू सारख्या होतात, शिखर खाली येतं आणि तेच बोलणं अधिक जोरात पाठवता येतं.

एफएमची अडचण उलटी होती. स्टिरिओ प्रसारणात १९ हजार हर्ट्झवर एक खुणेचा स्वर जात असतो. त्याला धक्का लागू नये म्हणून १५ हजारांच्या वरचा आवाज कापावा लागतो. अभियंते आधी शिखरं छाटत, मग हा फिल्टर लावत, आणि फिल्टर ती शिखरं पुन्हा उभी करी. त्यामुळे सगळा आवाजच थोडा कमी ठेवावा लागे. १९७५मध्ये अभियंता रॉबर्ट ऑर्बनच्या ‘ऑप्टिमॉड ८०००’ या यंत्राने शिखरांवरचं नियंत्रण, फिल्टर आणि स्टिरिओची मांडणी एकाच पेटीत आणली. फिल्टरनंतरची उसळीही तिथेच आवरली जाऊ लागली. स्टुडिओतही धडा हाच : फिल्टर आधी, शिखरं आवरणारा लिमिटर शेवटी.

पुढच्या लेखांकात : फेज अजिबात न हलवणारे डिजिटल फिल्टर, आणि त्यांच्यामुळे टाळीच्या आधीच उमटणारी तिची पुसट थरथर.