पेशीजवळ नेलेला हिरा

सराफाच्या भिंगाखाली जी खोट ठरेल, तीच इथे कामाची. हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. हिरवा लेझर पडला की ते लाल चमकते. २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या की चमक किंचित मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल, तर एकाऐवजी दोन वारंवारतांना ती मंदावते, आणि त्या दोहोंतल्या अंतरावरून क्षेत्र मोजता येते. हे सारे खोलीच्या तापमानाला होते, द्रव हेलियमचे लोढणे नाही. जीवशास्त्रज्ञ याकडे वळले ते म्हणूनच.

१९९७ साली जर्मनीतल्या केम्निट्झमध्ये असे एकेकटे केंद्र प्रथम न्याहाळता आले. २०१३ मध्ये हार्वर्डच्या गटाने हिऱ्याचे सूक्ष्म कण जिवंत मानवी पेशीत सोडून तिच्या आतले तापमान मोजले, कारण तापमान अंशाने वाढले की वारंवारता सुमारे ७४ किलोहर्ट्झने घसरते. २०१६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी एका समुद्री किड्याच्या चेतातंतूतून धावणारा संदेश हिऱ्याने टिपला. ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण दहा हजाराव्या हिश्श्याचे असल्याने अनेक नोंदींची सरासरी काढावी लागली.

या विषयात पीएचडी करणाऱ्याची खरी झुंज मात्र अंतराशी असते. रेणूतल्या एकट्या फिरकीचे (स्पिनचे) चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते; अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठवा हिस्सा उरते. म्हणून केंद्र हिऱ्याच्या पृष्ठभागाखाली दहाएक नॅनोमीटरवर हवे. पण तिथे पृष्ठभागावरचे बेवारस इलेक्ट्रॉन गोंगाट करतात आणि केंद्राची क्वांटम अवस्था लवकर विस्कटते. खोल गेले तर शांतता मिळते, पण रेणू दूर राहतो. नायट्रोजनचे आयन किती ऊर्जेने रोवायचे, मग निर्वात भट्टीत हिरा किती तापवायचा, पृष्ठभागाला ऑक्सिजनचे टोक द्यायचे की आणखी काही, यातच विद्यार्थ्याची वर्षे जातात. पेशी अजून दूरच असते! २०१५ साली चीनमधल्या हेफेईच्या गटाने एकाच प्रथिन-रेणूचा संकेत मिळवला, तोही रेणूला चुंबकीय खूण चिकटवून आणि पेशीबाहेर, हिऱ्याच्या पृष्ठभागावर.

पेशी आली की नवी पंचाईत. घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपल्या वारंवारतेचा जवळचा शेजारीच. मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या तारेतल्या लहरींनी पेशीभोवतीचे पाणी तापते, लेझरनेही पेशी थकते. मग मोजलेली उष्णता पेशीची की प्रयोगाची, हा प्रश्न परीक्षक विचारणारच, आणि त्याचे उत्तर प्रबंधात हवे.

माझ्या मते दवाखान्यापर्यंत आधी पोचेल ते यातले सर्वांत साधे रूप. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने २०२० मध्ये चाचणीच्या कागदी पट्टीवर नेहमीच्या सोन्याच्या कणांऐवजी हिऱ्याचे कण वापरले. मायक्रोवेव्हने त्यांची चमक ठरावीक तालात कमी-जास्त केली की कागदाच्या स्वतःच्या उजेडातून ती वेगळी काढता येते. संवेदनशीलता सोन्याच्या कणांपेक्षा सुमारे लाखपट निघाली. इथे क्वांटम अवस्था जपायची गरजच नाही, चमक हलली की पुरे.

भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापन या शाखेचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईकडे आहे. तिथे हिऱ्यावर आधारित सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी हातमिळवणी झाली ती आधी सेमीकंडक्टर चिपच्या तपासणीसाठी. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. चिप दिवसभर लेझरखाली ठेवली तरी तक्रार करत नाही.